मेडिकल स्कूलच्या आधीची पॅरामेडिकची नोकरी रेसिडेन्सीच्या अर्जात कामाला येते का?

मुक्काम_एडिसन

भाची न्यू जर्सीत एमडीच्या (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) तिसऱ्या वर्षाला आहे, येत्या सप्टेंबरात रेसिडेन्सीचा, म्हणजे एमडीनंतरच्या विशेष शाखेच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरणार. इमर्जन्सी मेडिसिन की अनेस्थेशिया हे अजून नक्की नाही. मेडिकल स्कूलच्या आधीची तिची यादी अशी: अ‍ॅम्ब्युलन्सवर पॅरामेडिक म्हणून तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी, त्यानंतर एक वर्ष ईआरमध्ये स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी टिपणारी), कॉलेजात असताना हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग आणि थोडं शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून काम बघणं). शिवाय मराठी शाळेत दर रविवारी शिकवणं, जे अजूनही चालू आहे.

तिला दोन सीनियरनी दोन टोकाचे सल्ले दिलेत. एक म्हणतो, आधीचं सगळं काढून टाक, प्रोग्रामवाले (रेसिडेन्सी देणारी हॉस्पिटलं) मेडिकल स्कूलचंच बघतात. दुसरी म्हणते, पॅरामेडिक हाच तुझा हुकमाचा एक्का, अर्ज त्याच्याभोवती बांध. नक्की काय लिहायचं, कुठे, किती? आणि अ‍ॅम्ब्युलन्स सेवेच्या मेडिकल डायरेक्टरचं शिफारसपत्र घ्यावं का?

---

नाइटफ्लोट

दोघंही अर्धे बरोबर आहेत. अर्ज दोन वेळा वाचला जातो आणि दोन्ही वेळी वाचणारा वेगळं काही शोधत असतो.

पहिली वेळ म्हणजे चाळणी: मुलाखतीला कुणाला बोलवायचं. डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतली स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे आकडा उरला तो त्याच परीक्षेच्या पुढच्या टप्प्याचा, स्टेप २ सीकेचा. त्याच्या जोडीला क्लर्कशिपचे (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे) ग्रेड, एमएसपीई (कॉलेजने विद्यार्थ्याबद्दल दिलेलं पत्र), त्याच शाखेतल्या डॉक्टरांची पत्रं, आणि कुठे नापास झाल्याची नोंद आहे का ते. इथे पॅरामेडिकची तीन वर्षं फारशी मदत करत नाहीत. कच्चा स्टेप २ त्यांनी भरून निघत नाही, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

दुसरी वेळ म्हणजे चाळणीतून पुढे आलेला अर्ज फॅकल्टी मुलाखतीआधी वाचते तेव्हा. तोवर बहुतेक अर्ज सारखेच दिसायला लागलेले असतात: दोन पोस्टर, एक मोफत दवाखाना, एक इंटरेस्ट ग्रुप. त्यात तीन वर्षं पगारी, जबाबदारीची, रात्रपाळीची नोकरी केलेली मुलगी लगेच डोळ्यात भरते. मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथूनच निघतील.

आता फॉर्म. ईरास म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जाची ऑनलाइन प्रणाली; तिच्यात अनुभवांच्या जागा फक्त १०. प्रत्येकाला वर्णनासाठी ७५० अक्षरं, स्पेस धरून. त्यातले जास्तीत जास्त ३ 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्या तिघांना ते का महत्त्वाचे हे लिहायला आणखी ३०० अक्षरं मिळतात. मेडिकल स्कूलच्या प्रवेशाच्या एएमसीएएस अर्जात १५ जागा होत्या आणि तासांची बेरीज द्यावी लागायची. इथे तासांचा रकानाच नाही. सुरुवात, शेवट आणि किती वेळा (रोज, दर आठवड्याला वगैरे) एवढंच विचारतात. म्हणून जुना अर्ज उचलून इथे चिकटवला की तो प्री-मेडचा अर्ज वाटतो. ही चूक सर्रास होते.

माझा हिशोब असा. पॅरामेडिकला एक पूर्ण जागा, आणि तीन अर्थपूर्णांपैकी एक. मराठी शाळा अजून चालू आहे ना, मग ती आत. कॉलेजातलं व्हॉलंटियरिंग आणि शॅडोइंग बाहेर; शॅडोइंग म्हणजे दुसऱ्याचं काम बघणं, आणि क्लर्कशिप झाल्यावर त्याला काही किंमत उरत नाही. स्क्राइबचं वर्ष मी काढून टाकीन. उरलेल्या जागा मेडिकल स्कूलमधल्या कामाच्या.

वर्णनात "रुग्णांची सेवा केली, टीमवर्क शिकले, संवादकौशल्य वाढलं" असलं काही नको. ही वाक्यं कुणीही लिहितं. त्याऐवजी: गाडीवर माणसं किती, पाळी किती तासांची, भाग शहरी की ग्रामीण, जवळचं ट्रॉमा सेंटर किती लांब, नव्या ईएमटींना (अ‍ॅम्ब्युलन्सवरचे प्राथमिक कर्मचारी) तिने काय शिकवलं, औषधांच्या साठ्याची किंवा हँडओव्हरची (रुग्ण सोपवताना माहिती देण्याची) कुठली पद्धत तिच्यामुळे बदलली. क्रियापदांच्या बाबतीत कडक राहा. पॅरामेडिक प्रोटोकॉलनुसार इंट्युबेशन करतो (श्वासनलिकेत नळी घालतो), ईसीजी वाचून कॅथ लॅबला आधी कळवतो, हे बिनधास्त लिहावं. पण "निदान केलं", "उपचार ठरवले" असं लिहिलं की वाचणारा ईएमचा (इमर्जन्सी मेडिसिनचा) डॉक्टर तिथेच थांबतो, आणि बाकीच्या नऊ नोंदींकडेही संशयाने बघतो.

३०० अक्षरांत नोकरी पुन्हा सांगू नये. ती नोकरी केल्यामुळे क्लर्कशिपमध्ये ती काय वेगळं करत होती ते एका वाक्यात यावं. असं वाक्य सापडत नसेल तर तो अनुभव अर्थपूर्णांच्या तिघांत नसावाच.

एक महत्त्वाचं: इमर्जन्सी मेडिसिन २०२५-२६ च्या हंगामापासून रेसिडेन्सीकॅसवर, म्हणजे ईरासऐवजीच्या दुसऱ्या अर्जप्रणालीवर गेलंय (ऑब-गायन, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूती, त्याच्या एक वर्ष आधीच गेलं). वर दिलेले आकडे ईरासचे, म्हणजे तिच्या बाबतीत अनेस्थेशियाचे. दोन्ही शाखांना अर्ज करायचा तर दोन फॉर्म, दोन रचना. मजकूर एका ठिकाणी लिहून दुसरीकडे जसाच्या तसा ओतू नये.

---

तिसरा_मसुदा

नाइटफ्लोट यांच्याशी बहुतांश सहमत. स्क्राइबबद्दल नाही. पॅरामेडिक संपल्यापासून मेडिकल स्कूल सुरू होईपर्यंत अख्खं वर्ष कागदावर कोरं दिसलं तर "त्या वर्षी काय केलंत?" हा प्रश्न मुलाखतीत येतोच. वेगळी जागा खर्चायची नसेल तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये अर्धं वाक्य पुरे.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे एमएसपीई, ज्याला जुने लोक डीन्स लेटर म्हणतात. त्यात 'उल्लेखनीय वैशिष्ट्यं' असा भाग असतो: तीन मुद्दे, प्रत्येक दोन वाक्यांच्या आत. बऱ्याच कॉलेजांत त्याचा मसुदा विद्यार्थ्यालाच मागतात, चौथं वर्ष सुरू होण्याच्या आसपास. पॅरामेडिकचा एक मुद्दा तिथे घालावा. दहापैकी एकही जागा न खर्चता ती गोष्ट कॉलेजच्या तोंडून सांगितली जाते. मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी, म्हणून तिने स्टुडंट अफेअर्सला आत्ताच विचारावं.

मेडिकल डायरेक्टरचं पत्र? नको. ईरासवर एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ पत्रं जोडता येतात. ईएमला तर एसएलओई लागतात, म्हणजे ईएमच्या रोटेशनवर तिथल्या डॉक्टरांनी ठरलेल्या नमुन्यात भरलेलं मूल्यमापन. तीच पत्रं सगळ्यात जास्त वजनाची. तीन-चार वर्षांपूर्वी ती पॅरामेडिक म्हणून कशी होती यापेक्षा ती आज इंटर्नचं (रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचं) काम पेलेल का, हे प्रोग्रामला हवं असतं. त्या डायरेक्टरसोबत आजही संशोधन किंवा शिकवणं चालू असेल तर चौथं पत्र म्हणून विचार करावा, एरवी नाही.

आणि ईरासमध्ये अडचणींचा म्हणून एक ऐच्छिक रकाना आहे, तोही ७५० अक्षरांचा. तो सगळ्यांनी भरायचा नसतो. घर चालवायला किंवा फीसाठी पैसे साठवायला तिने ती नोकरी केली असेल तरच तिथे लिहावं. पॅरामेडिकचं काम खडतर असतं म्हणून तो भरला तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

---

ऑरेंजसिटी

याच विषयात एक उपप्रश्न. नागपूरचा चुलतभाऊ: बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), दोन वर्षं फिजिओ म्हणून नोकरी, मग नीट देऊन एमबीबीएस. आता इंटर्नशिप चालू आहे. अमेरिकेत पीएम अँड आर (पुनर्वसनाची वैद्यकीय शाखा) किंवा इंटर्नल मेडिसिनला अर्ज करायचा विचार आहे. फिजिओचा अनुभव धरतात का? आणि वय वाढलंय, ते आड येतं का?

---

व्हिसावाला_डॉक

इथे भारतात नीट-पीजीत असल्या अनुभवाला शून्य किंमत. रँक, कोटा, पसंतीक्रम, बस्स. तिकडे मात्र वाचतात.

वयाची चिंता नको. आयएमजींसाठी (अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी) बरेच प्रोग्राम 'पदवीनंतर किती वर्षं' अशी अट लावतात, पण ती वर्षं एमबीबीएस संपल्यापासून मोजतात. बीपीटी कधी झालं याचा तिथे संबंध नाही. इंटर्नशिप संपल्यावर तो ताजा पदवीधरच.

पीएम अँड आरला फिजिओची पार्श्वभूमी खरोखर उपयोगी, कारण ती शाखाच पुनर्वसनाची. स्ट्रोकनंतरचं चालणं, स्पाइनल कॉर्ड इंज्युरी, कृत्रिम पाय बसवल्यावरचा व्यायाम, यांपैकी ज्यावर त्याने हाताने काम केलंय ते नाव घेऊन लिहावं. पण "फिजिओ ते डॉक्टर" या गोष्टीत एक खड्डा आहे: फिजिओचं काम कमी वाटलं म्हणून डॉक्टर झालो, असा सूर लागतो. ज्या टीममध्ये त्याला रोज फिजिओंसोबत बसायचंय तिथे हे महागात पडतं. त्या कामात कुठला प्रश्न हाताबाहेरचा वाटला, तो सोडवायला वैद्यकीय शिक्षण का लागलं, असं लिहावं. इंटर्नल मेडिसिनला या अनुभवाचा फायदा कमी, तिथे एक जागा देऊन मोकळं व्हावं.

दोन गोष्टींची गल्लत मात्र नको. फिजिओची नोकरी म्हणजे यूएस क्लिनिकल एक्सपीरियन्स नव्हे, कितीही वर्षं केली तरी. त्यासाठी अमेरिकेतलं इलेक्टिव्ह (विद्यार्थी म्हणून केलेलं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) किंवा ऑब्झर्व्हरशिप (नुसतं बघून शिकणं) वेगळीच लागते, आणि पत्रं तिथल्या डॉक्टरांची. इलेक्टिव्ह बहुतेक ठिकाणी विद्यार्थी असतानाच मिळतं. इंटर्नशिपमध्ये तो विद्यार्थी धरला जाईल का, हे त्या-त्या हॉस्पिटलच्या नियमावर आहे. अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्या. दुसरं, बीपीटीची पदवी शिक्षणाच्या रकान्यात आणि नोकरी अनुभवात. एकाच गोष्टीच्या दोन जागा करू नयेत. बीपीटीच्या काळातला शोधनिबंध असेल तर तो प्रकाशनांत जातो; प्रकाशनं त्या दहांत मोजली जात नाहीत आणि ती मेडिकल स्कूलच्या आधीची असली तरी चालतात.

---

मुक्काम_एडिसन

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. एमएसपीईचं तर तिला माहीतच नव्हतं. शेवटचा प्रश्न: मुलाखतीत पॅरामेडिकवर विचारलं तर किती बोलायचं? आणि फॉर्म पाठवल्यावर काही बदलता येतं का?

---

नाइटफ्लोट

दीड-दोन मिनिटं, एकच केस, रुग्णाची ओळख पटेल असा तपशील गाळून. केस निवडताना वाचवलेला जीव शोधत बसू नका. मतभेद, चुकता चुकता राहिलेलं औषध, हँडओव्हरमध्ये हरवलेली माहिती, यांतून जास्त कळतं. "मी हे सगळं आधीच केलंय" असा सूर लागला तर प्रोग्रामवाले धसका घेतात, कारण शिकवून न घेणारा इंटर्न कुणालाच नको असतो. इंट्युबेशनचा विषय निघाला तर अ‍ॅम्ब्युलन्समधलं आणि ऑपरेशन थिएटरमधलं यातला फरक तिने स्वतःहून सांगावा. अनेस्थेशियावाले तेच ऐकायला बसलेले असतात.

फॉर्मचं म्हणाल तर ईरासवर मुख्य अर्ज प्रमाणित करून पाठवला की अनुभवांच्या नोंदी कुलूपबंद. पर्सनल स्टेटमेंट नंतरही दुरुस्त करता येतं. म्हणून दहाही नोंदी ऑगस्टमध्येच कुणाकडून तरी वाचून घ्या, शक्यतो पॅरामेडिकचं काम माहीत नसलेल्या माणसाकडून. आणि वर्ड फाइलमधून चिकटवताना तिथली अक्षरसंख्या पुन्हा बघा, ७५० च्या पुढचं आत जात नाही.

---

तिसरा_मसुदा

त्यात एक भर: प्रत्येक अनुभवाला 'मुख्य वैशिष्ट्य' यादीतून निवडायचं असतं. बरेच जण सगळीकडे टीमवर्क टाकतात. पॅरामेडिकला ते चालेल, पण मराठी शाळेला तेच नको.