डॅनिशमधला हा 'मॅन' कोण?

नवा_ओडेन्सकर: आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक लाँड्री आहे. बोर्डावर आपली वेळ अडवून ठेवायची. परवा मी चुकून दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावलं, तर शेजारच्या आजी शांतपणे म्हणाल्या, 'दे गर मॅन इग.' मला वाटलं, पुरुषांनी धुणं लावायचं नाही म्हणतायत! हा 'मॅन' वेगळा, हे नंतर कळलं. मराठीत याला 'आपण' म्हणायचं का?

खडूमास्तर: 'पुरुष' या अर्थाचा 'मॅन' असेल तर लिहिताना शेवटी मुका 'डी' येतो आणि बोलताना घसा किंचित आवळतो. मुळात शब्द एकच, पण हे झालं अनिश्चित सर्वनाम, म्हणजे ठरावीक कोणी नाही, कोणीही. 'आपण' चालेल, मी मात्र टाळीन. 'आपण असं करत नाही' म्हटलं की त्यात 'आपल्या घरात' डोकावतं. आजी म्हणाल्या ते सरळ 'असं करत नाहीत.' मराठीत कर्ता गिळला तरी भागतं. डॅनिशला तो लागतोच, म्हणून तिथे 'मॅन' उभा करतात.

ऑर्हुसची_सून: अगदी! सासूबाई जेवताना नातवाला हेच ऐकवतात. पण मास्तर, 'मॅन वे आल्द्री'चं काय, शब्दशः 'माणूस कधीच जाणत नाही'? तिथे 'जाणत नाहीत' कसं म्हणणार? मी आपली 'काही नेम नाही' म्हणते.

खडूमास्तर: झकास. सर्वनामच उडालं आणि काही अडलं नाही. मात्र 'मॅन' फक्त कर्ता होतो हं. कर्म झालं की 'एन', षष्ठीत 'एन्स'. 'दे गर एन त्रॅत', म्हणजे त्याने माणूस दमतो.

ऑर्हुसची_सून: त्या 'एन्स'वर मी वर्षभर घसरत होते. 'माणसाने आपलं काम करावं' यातलं 'आपलं' म्हणजे 'सित', कारण कर्ता 'मॅन' आहे. 'आपली मुलं आपलं ऐकत नाहीत' यातलं पहिलं मात्र 'एन्स', कारण तिथे कर्ता 'मुलं', आणि दुसरं 'एन'. आपण सगळीकडे 'आपलं' म्हणून मोकळे.

नवा_ओडेन्सकर: आणि 'नोअन'? ऐकायला एक, लिहायला दोन, nogen आणि nogle!

खडूमास्तर: 'एर देर नोअन?' म्हणजे कोणी आहे का. 'देर एर नोअन' म्हणजे कोणीतरी आहे. आपल्या 'तरी'चं काम तिथे वाक्याच्या ठेवणीवर. ही दोन्ही 'ईएन'वाली. 'काही मुलं आली' यातल्या 'काही'ला शेवटी 'एलई'. बोलताना दोन्ही बहुतेक सारखीच, म्हणून डॅनिश लोकही लिहिताना गडबडतात. 'काही'च्या जागी 'दोनचार' घालून बघा. बसलं तर 'एलई'. 'दोनचार मुलं आली नाहीत' बसतं, म्हणून नकार असूनही 'एलई'च.

नवा_ओडेन्सकर: हे कालच विचारायला हवं होतं. लाँड्रीत चिठ्ठी लावून आलो, 'माझे मोजे कोणी पाहिले का?' मोज्यांचा पत्ता नाही, पण कोणीतरी लाल पेनाने 'एलई' खोडून 'ईएन' केलंय.