मदत हवी आहे: कॉनवीचा किल्ला, आई-बाबांना घेऊन

मँचेस्टरहून ट्रेनने उत्तर वेल्समधल्या कॉनवीला जायचा विचार आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 ते 1287 मध्ये बांधलेला आठ बुरुजांचा किल्ला आणि गावाभोवतीची सव्वा किलोमीटरची तटबंदी, दोन्ही अजून उभी आहेत. बाबा जन्मभर सह्याद्रीतले गड फिरलेत, त्यामुळे त्यांना तटावरून चालायचंच आहे. आईचे गुडघे मात्र दुखतात. किल्ल्यातले गोल जिने अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या दिसतात. बुरुजावर न चढता खालच्या आवारातच आईला तिकिटाचे पैसे वसूल होतील का? की तिला सरळ प्लास मॉर या एलिझाबेथकालीन घरात न्यावं? तिथेही जिने असणारच म्हणा!

तटावर चढायला सगळ्यात सोपी जागा कोणती? पावसात दगड निसरडे होतात का? (वेल्समध्ये पाऊस धरूनच चालायचं.) कॉनवी स्टेशनवर गार्डला आधी सांगितलं किंवा फलाटावरून हात दाखवला तरच गाडी थांबते, म्हणून लँडुडनो जंक्शनला उतरून टॅक्सी करावी असं वाटतंय. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सांगा. आणि हो, शाकाहारी जेवण कुठे मिळेल?