निपाहसारखा जीवघेणा विषाणू शहरात शिरला, तर त्याला रोखणे कशावर अवलंबून असते?

पंचवटीकर (प्रश्न)

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत जुना पिंपळ असून त्यावर बऱ्याच वर्षांपासून मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या निपाहच्या बातम्या वाचल्यापासून हे झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा, असा काही रहिवाशांचा आग्रह आहे आणि पुढच्या सभेत हा विषय येणार आहे. निपाह आणि इबोला हे कोविडपेक्षा कितीतरी अधिक मारक असूनही ते ठरावीक भागातच का थांबले, हे मला समजून घ्यायचे आहे. ‘रुग्ण लवकर दगावतो, म्हणून साथ आपोआप विझते’ असे आमच्या गटावर एकाने लिहिले आहे. ते खरे आहे का? झाड तोडल्याने धोका खरोखर कमी होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, म्हणजे मला ते सभेत वाचून दाखवता येईल.

सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, कॉलेज रोड

गटावरचे ते स्पष्टीकरण अपुरे आहे. देवीच्या तीव्र प्रकारात सुमारे ३० टक्के रुग्ण मरत, तरीही तो आजार शतकानुशतके जगभर पसरत राहिला. आजार किती मारक आहे यापेक्षा रुग्ण नेमका केव्हा संसर्गजन्य होतो, हे आधी विचारायला हवे.

सार्स आणि कोविड हे दोन्ही कोरोना कुळातील विषाणूंचे आजार आहेत. २००३ मध्ये सार्सच्या दर १०० रुग्णांपैकी जवळपास १० दगावले, तरी कोणतीही लस नसताना ती साथ ८ हजारांहून थोड्या अधिक रुग्णांवर आणि त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत थांबवता आली. सार्सचा रुग्ण बहुधा आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वाधिक विषाणू बाहेर टाकत असे आणि तोवर तो अंथरुणाला खिळलेला, बऱ्याचदा रुग्णालयात दाखल झालेला असे. त्यामुळे ताप आलेल्यांना वेगळे ठेवणे आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवणे, एवढ्या जुन्या उपायांनीही साखळी तुटली. कोविडचा रुग्ण मात्र लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच, बाजारात आणि लग्नकार्यात वावरत असताना, विषाणू पसरवू लागतो, आणि काहींना तर लक्षणेच दिसत नाहीत. अशा आजारात तापमापक दारात लावून फारसे काही साधत नाही.

इबोला या बाबतीत सार्सच्या बाजूचा आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात आणि त्या काळात रुग्ण इतरांना आजार देत नाही. संसर्ग होतो तो रक्त, उलटी, जुलाब अशा शरीरद्रवांच्या थेट स्पर्शाने, आणि मृतदेहात तर विषाणू मोठ्या प्रमाणात असतो. म्हणूनच २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथे मृताला अंघोळ घालणे, शेवटचा स्पर्श करणे या प्रेमाच्या चालीरीतीच साथीचे मार्ग बनल्या. २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून अधिक मरण पावले. सुरुवातीला पथके मृतदेह उचलून नेत, कुटुंबाला निरोपही घेऊ देत नसत, आणि त्यामुळे लोक आजारी माणसांना लपवू लागले. पुढे धर्मगुरूंना आणि नातेवाइकांना सोबत घेऊन, अंतर राखून पण सन्मानाने दफन करण्याची पद्धत आणली गेली, तेव्हा लोकांचे सहकार्य मिळू लागले. साथनियंत्रणाच्या इतिहासात मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संपर्कांची यादी लोकांनी खरे सांगितले तरच पूर्ण होते आणि लोक खरे सांगतात ते विश्वास असेल तरच.

द्राक्ष बागायतदार, निफाड

झाडाबद्दल मी लिहितो. आमच्या बागांमध्येही वटवाघळे येतात, म्हणून आम्ही जाळी टाकतो, पण त्यांना मारून किंवा हुसकावून आजार टळतो असे समजू नये. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या इबोलाच्या कुळातील विषाणूची लागण झाल्यावर तेथील सारी वटवाघळे नष्ट करण्यात आली. काही वर्षांनी खाणीत पुन्हा वटवाघळे वसली, तेव्हा २०१२ मध्ये केलेल्या तपासणीत संसर्गित वटवाघळांचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक आढळले. जुनी, प्रतिकारशक्ती आलेली वसाहत गेली आणि तिच्या जागी लागण सहज होऊ शकेल अशी नवी आली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने) आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले होते. त्या वटवाघळांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, एवढेच त्यावरून कळते. बांगलादेशात माणसांपर्यंत विषाणू पोहोचतो तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून, कारण रस जमा करण्यासाठी झाडाला बांधलेल्या मडक्यांना रात्री वटवाघळे तोंड लावतात. रस उकळून घेतला किंवा झाडावर बांबूचे आवरण बांधले, तर हा मार्ग बंद होतो. म्हणून पिंपळ राहू द्या. त्याखाली पडलेली, कुरतडलेली फळे मुलांनी उचलू नयेत, फळे धुऊन आणि सोलून खावीत, मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये, एवढे सभेत ठरवावे.

परिचारिका, नाशिकरोड

निपाहचा एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी माणसांना लागण देतो, त्यामुळे गावात ही साखळी बहुधा स्वतःच तुटते. खरा धोका रुग्णालयात असतो. २००१ मध्ये सिलिगुडीत त्या वेळी ओळखू न आलेल्या निपाहची लागण बहुतांशी रुग्णालयांमध्येच, कर्मचारी आणि भेटायला येणारे यांच्यात झाली. २०१८ मध्ये कोळीकोडला पहिल्या रुग्णाचे निदान होण्याआधीच तो दगावला होता आणि पुढच्या बहुतेक रुग्णांना त्याच्यापासूनच, वॉर्डात किंवा तपासणीच्या प्रतीक्षेतील गर्दीत, लागण झाली. त्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुथुसेरी या परिचारिकेचाही त्यात मृत्यू झाला. त्याच घरातील दुसऱ्या तरुणाला तशीच लक्षणे दिसल्यावर डॉक्टरांना शंका आली, पुण्याच्या संस्थेत निदान पक्के झाले आणि त्यानंतर दोन हजारांहून अधिक संपर्कांवर लक्ष ठेवून साथ थोपवली गेली. प्रयोगशाळेने निश्चित केलेल्या १८ रुग्णांपैकी बहुसंख्य दगावले, पण निदानानंतर साखळी लांबली नाही.

आमच्या व्यवसायातील प्रत्येकाला एक नाव माहीत असायला हवे, ते म्हणजे नायजेरियातील लागोस शहराच्या डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्होह. जुलै २०१४ मध्ये लायबेरियातून आलेला एक रुग्ण त्यांच्या रुग्णालयात दाखल झाला. त्याला सोडून द्यावे असा दबाव असतानाही त्यांनी इबोलाची शंका घेऊन त्याला बाहेर जाऊ दिले नाही. त्या स्वतः त्या आजाराने गेल्या. कोट्यवधी वस्तीच्या, विमानतळ असलेल्या त्या शहरात साथ पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पण पथकांनी सुमारे ९०० संपर्क शोधून त्यांच्या घरी रोज जाऊन ताप तपासला, आणि नायजेरियात एकूण २० रुग्ण व ८ मृत्यूंवर साथ थांबली.

पंचवटीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. झाडाचा प्रश्न माझ्या दृष्टीने सुटला. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जी गर्दी होईल, तिचा विचार करता निपाहपेक्षा अन्य कशाची काळजी घ्यावी?

सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, कॉलेज रोड

गर्दीत पसरणारे विषाणू वेगळे असतात. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास हवेत टिकू शकतो आणि लस न घेतलेल्या समाजात एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. त्यामुळे सोसायटीतील मुलांचे दोन्ही डोस झाले आहेत का, हे आताच पाहावे. इन्फ्लुएन्झाचाही विचार करावा, विशेषतः ज्येष्ठांच्या बाबतीत. २०१५ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी टॅबलेटवर नोंदवून रोज एकत्र पाहण्याचा प्रयोग झाला होता. एखाद्या भागात ताप-पुरळाचे किंवा जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, तर ते त्याच दिवशी दिसावे, हा त्यामागचा हेतू होता आणि अशी व्यवस्था या वेळी अधिक विस्ताराने हवी. घरी यात्रेकरू पाहुणे असतील आणि कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना लक्षणांसोबत ते कोठून आले, वाटेत कोठे थांबले आणि कोणाच्या आजारपणात जवळ होते, हेही आवर्जून सांगावे. अनोळखी तापाच्या रुग्णाला वेगळे ठेवायचे की नाही, हे डॉक्टर बऱ्याचदा याच माहितीवरून ठरवतात.