चालू पॅनेल उघडून काम करण्याची प्रथा बंद व्हावी, की आर्क फ्लॅश सूट घालून ती चालू ठेवावी?

मूळ मांडणी : विद्युत पर्यवेक्षक, भोसरी

आपल्या कारखान्यांतील विद्युत सुरक्षेची चर्चा अजूनही शॉकभोवतीच फिरते. रबरी हातमोजे, पॅनेलसमोरची रबरी चटई, अर्थिंगची नियमित मोजणी ही सारी तयारी शरीरातून प्रवाह जाऊ नये यासाठी असते आणि ती आवश्यकच आहे. आर्क फ्लॅशमध्ये, म्हणजे दोन वाहकांमधल्या हवेतून वीज वाहून उडणाऱ्या भडक्यात, मात्र माणसाने कशालाही हात लावलेला असावा लागत नाही. हातातून निसटलेला पाना, केबलच्या उघड्या भोकातून आत शिरलेली पाल किंवा उंदीर, पावसाळ्यात इन्सुलेटरवर बसलेली ओलसर धूळ, चुकीच्या रेंजवर लावलेला मीटर, यांपैकी काहीही दोन फेजांमध्ये आर्क पेटवायला पुरते. त्या आर्कच्या गाभ्याचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. तांब्याची पट्टी वितळण्यावरच थांबत नाही, तिची वाफ होते, आणि प्रसरण पावलेली ती वाफ वितळलेल्या धातूचे थेंब घेऊन दाराच्या दिशेने, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे येते. उघड्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी एवढी उष्णता पडली की दुसऱ्या दर्जाची भाजणी सुरू होते, असे या शास्त्रात धरले जाते. ४१५ व्होल्टच्या साध्या पॅनेलसमोर ही मर्यादा एका सेकंदाच्या लहानशा अंशात ओलांडली जाऊ शकते.

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांत आर्क फ्लॅश सूट आले, समोर किती कॅलरी उष्णता पडू शकते हे सांगणारी लेबले पॅनेलवर लागली, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप असा आहे की सूट आल्यापासून चालू पॅनेलवरचे काम कमी होण्याऐवजी अधिकृत झाले आहे. पूर्वी ‘शटडाऊन मिळेल का?’ असा प्रश्न निदान विचारला तरी जात असे. आता ‘सूट घाला आणि नट आवळून टाका’ असे सांगितले जाते. शटडाऊन, आयसोलेशन (तो भाग वीजपुरवठ्यापासून तोडणे), कुलूप आणि टॅग, वीज नसल्याची चाचणी आणि नंतर अर्थिंग, हा क्रम पूर्ण झाल्याशिवाय कोणतेही दुरुस्तीचे काम होऊ नये आणि या नियमाला उत्पादनाच्या कारणाने अपवाद नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : देखभाल व्यवस्थापक, रासायनिक कारखाना, तारापूर

आपली कळकळ समजते, पण ‘अपवाद नसावा’ हे वाक्य मला धोकादायक वाटते. आमच्याकडे उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रिया चालतात. रिअॅक्टरचे ढवळणे आणि थंड पाण्याचा पंप एकाच वेळी थांबला तर आतील तापमान आवरणे कठीण होते, आणि मग एका वायरमनचा जीव वाचवण्यासाठी घेतलेला शटडाऊन संपूर्ण पाळीच्या जिवावर येऊ शकतो. अमेरिकेतील एनएफपीए ७०ई हे मानक याच विषयातले सर्वांत कठोर समजले जाते. वीज बंद केल्याने अधिक मोठा धोका उद्भवत असेल किंवा ते काम वीज बंद करून करताच येत नसेल, तर लेखी परवान्यासह आणि संरक्षक साधनांसह चालू यंत्रणेवर काम करण्याची मुभा तेही देते. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही चालू वाहिनीवरील काम सरसकट निषिद्ध नव्हते. त्यासाठी नेमून दिलेली व्यक्ती आणि विद्युत निरीक्षकांनी मान्य केलेली खबरदारी यांची अट होती. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना कामगाराच्या जिवाची पर्वा नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी प्रक्रिया उद्योगाचे वास्तव पाहिले होते.

प्रतिसाद : विद्युत कंत्राटदार, वाळूज

ही चर्चा मोठ्या कारखान्यांची आहे. मी ज्या लहान युनिटांत काम करतो तिथे लेबल नाही, सूट नाही, आणि एकरेषीय आराखडा (वीजजोडणीचा नकाशा) मागितला तर दहा वर्षांपूर्वीचा कागद पुढे येतो. तिथे माझी माणसे पॉलिस्टरच्या पँट-शर्टात काम करतात, आणि भडका उडाला की ते कापड वितळून कातडीला चिकटते. अशा ठिकाणी ‘आर्क फ्लॅश सूट ही पळवाट आहे’ असा संदेश गेला तर मालकाला खर्च टाळायचे आयते कारण मिळेल. आधी निदान जाड सुती किंवा आर्क-रेटेड कपडे, चेहऱ्यासाठी शील्ड आणि चामड्याचे हातमोजे सक्तीचे करा. आदर्श क्रमाची चर्चा त्यानंतर करता येईल.

प्रतिसाद : रिले चाचणी अभियंता

आतापर्यंतच्या तिन्ही प्रतिपादनांत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे वेळ. आर्कमधून माणसाच्या अंगावर येणारी ऊर्जा ही आर्क किती वेळ जळत राहतो याच्या जवळजवळ प्रमाणात वाढते. राल्फ ली यांनी १९८२ मध्ये आर्कपासूनच्या अंतराचा आणि भाजणीचा हिशेब मांडला, पुढे २००२ मध्ये या हिशेबाचे आयट्रिपलई १५८४ हे मानक आले आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. या सर्व गणितांत ब्रेकरने आर्क तोडायला लावलेला वेळ निर्णायक ठरतो.

१००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्या टर्मिनलवर थेट शॉर्ट झाल्यास सुमारे २६ ते २७ किलोअँपिअर प्रवाह वाहील. आर्कमधून जाणारा प्रवाह मात्र यापेक्षा बराच कमी असतो, कारण आर्कलाही स्वतःचा रोध असतो. हीच खरी मेख आहे. प्रवाह कमी झाला की तो ब्रेकरच्या तात्काळ ट्रिपच्या सेटिंगखाली येतो, खालच्या फीडरशी (पुढे वीज नेणाऱ्या शाखेशी) समन्वय राहावा, म्हणजे आधी तिचा ब्रेकर उघडावा, म्हणून ठेवलेला ०.३ ते ०.४ सेकंदांचा विलंब लागू होतो आणि तेवढा वेळ आर्क जळत राहतो. म्हणून ‘इथे फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झाल्यास वाहणारा प्रवाह) कमी आहे, धोका कमी’ हे गृहीतक अनेकदा उलटे ठरते. देखभालीच्या वेळी एक सिलेक्टर स्विच फिरवून हा विलंब काढून टाकला आणि एकूण वेळ ०.४ वरून ०.०६ सेकंदांवर आणला, तर अंगावर येणारी ऊर्जा साधारण १५ टक्केच उरते. आर्कचा प्रकाश ओळखणारे रिले तर काही मिलिसेकंदांत ट्रिपचा आदेश देतात, मग उरतो तो ब्रेकर उघडण्याचा वेळ.

माझ्या मते सुटांच्या खरेदीआधी सेटिंगचा अभ्यास व्हावा, कारण सेटिंग बदलल्यावर जुने लेबल खोटे ठरते आणि खोट्या लेबलवरून निवडलेला सूट विश्वासाने घातला जातो.

प्रतिसाद : वायरमन, चंद्रपूर परिसर

शटडाऊनचा आग्रह योग्य आहे, परंतु शटडाऊन घेणे हेही चालू यंत्रणेवरचेच काम असते, हे मूळ मांडणीत आलेले नाही. ब्रेकर रॅक-आउट करताना, म्हणजे पॅनेलमधून ओढून बाहेर काढताना, बसबार (वीज वाहणारी मुख्य पट्टी) चालू असतो. वीज गेली आहे की नाही हे तपासताना मीटरची टोके ज्या जागी लावायची ती जागा चालू आहे असे समजूनच उभे राहावे लागते. इनकमर (पॅनेलला वीज आणणारा मुख्य ब्रेकर) बंद केल्यावर पॅनेल मेले असे अनेकांना वाटते, पण इनकमरची वरची टर्मिनले ट्रान्सफॉर्मरकडून जिवंतच असतात आणि तिथे आर्क पेटला तर तो एचटी (उच्च दाबाच्या) बाजूच्या संरक्षणाने तुटेपर्यंत जळतो, म्हणजे सर्वांत धोकादायक जागा तीच. त्यात जनरेटर किंवा सोलरकडून उलट वीज येऊ शकते, कॅपॅसिटर भारित असतात.

सुटाबद्दलही सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दर चौरस सेंटिमीटरला ४० कॅलरी झेलणारा सूट आणि हूड घातल्यावर काही मिनिटांत घाम डोळ्यांत उतरतो, हिरवट काचेतून फेजचे रंग ओळखू येत नाहीत आणि हातमोज्यांत पाना नीट धरता येत नाही. त्यामुळे तासभराचे काम सुटात करायला लावणे मला अमानुष वाटते. मात्र रॅक-आउट आणि वीज नसल्याची चाचणी या थोड्या वेळाच्या कामांना सूट हवाच, तेथे कोणी तडजोड करू नये.

मूळ लेखक

वायरमन बंधूंनी सूट नेमका कुठे लागतो हे फार नेमके सांगितले आहे. माझी मागणी दुरुस्तीच्या कामांविषयी आहे. चाचणी आणि आयसोलेशन हे वीज बंद करण्याच्या प्रक्रियेचेच भाग आहेत आणि त्यांना सूट हवाच. रॅकिंगसाठी तर माणसाला पॅनेलपासून दूर उभे ठेवणारे रिमोट साधन मिळते, तेही मागितले पाहिजे.

व्यवस्थापक महोदयांना माझे उत्तर असे आहे की, मानकातील ‘अधिक मोठा धोका’ हा अपवाद रिअॅक्टरच्या पंपाला लागू होईल, पण तो प्रत्यक्षात पॅकिंग विभागाच्या पॅनेललाही लावला जातो. उत्पादन थांबते म्हणून होणारा तोटा हा त्या अर्थाने धोका नव्हे. थर्मोग्राफीचे, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासणीचे, उदाहरण घ्या. तापलेले जोड शोधण्यासाठी वर्षानुवर्षे चालू पॅनेलची दारे उघडली जातात, कारण अॅक्रिलिकच्या आवरणातून उष्णतेचे किरण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यासाठी इन्फ्रारेड खिडक्या मिळतात, त्या एकदा बसवल्या की दार उघडण्याची गरजच राहत नाही. तरीही त्या बसवल्या जात नाहीत आणि सूट घातलेला माणूस उघड्या दारासमोर उभा केला जातो. यात रिअॅक्टर कुठेच नाही.

देखभाल व्यवस्थापक, तारापूर

पॅकिंग विभागाबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, तिथे शटडाऊन न देण्याला कोणतेही समर्थन नाही. परंतु ज्या पॅनेलवर पंप आहेत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. दोन ट्रान्सफॉर्मर आणि बस-कप्लर (दोन्ही बाजूंचे बसबार जोडणारा ब्रेकर) असला तर एक भाग बंद करून दुसऱ्यावर भार घेता येतो, असे सुचवले जाते. आमच्याही पॅनेलला कप्लर आहे. मात्र जुन्या पॅनेलांत कप्लरच्या कप्प्यात दोन्ही बाजूंचे बसबार एकत्र येतात, मध्ये पुरेसा धातूचा पडदा नसतो, आणि ‘बंद’ भागात काम करणाऱ्याच्या हाताशेजारी चालू तांबे असते. ते पॅनेल बदलून स्वतंत्र कप्प्यांचे पॅनेल बसवायचे तर मोठा शटडाऊन आणि भांडवल लागते, आणि तो निर्णय देखभाल विभागाच्या हातात नसतो. तोवर पंपांच्या फीडरवर जे काम अनिवार्य आहे ते लेखी परवान्याने, विलंब काढलेल्या सेटिंगवर, सूट घातलेल्या दोन प्रशिक्षित माणसांकडून आणि विभागप्रमुख समोर उभा असतानाच होईल. या मर्यादेपलीकडे मी कोणाला दार उघडू देत नाही, पण या मर्यादेच्या आत ते पूर्ण बंद करा, ही मागणी मला आजही मान्य करता येत नाही.