स्कॅन केलेला जुना फोटो ४×६ वर छापताना डोकी कापली जातात

प्रश्न: ३.५×५ इंची आडवा फोटो ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन करून जेपेगमध्ये ठेवलाय. ४×६ वर बॉर्डरलेस (पांढरी किनार न ठेवता) छापला की वरची डोकी कापली जातात, शिवाय प्रिंट काळपट येते. काय बदलू?

उत्तर १: फोटो आणि कागद, दोन्हींच्या लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं आहे. ६ इंच रुंदी भरायची तर उंची ४.२ इंच होते, मग वरखाली मिळून ०.२ इंच जाणारच. त्यात बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर चित्र थोडं आणखी मोठं करतो. आधी स्वतःच ३:२ मध्ये क्रॉप करा आणि कापायचं ते खालून कापा. खालीही जागा नसेल तर सरळ पांढरी किनार ठेवा.

उत्तर २: स्कॅनरची काच पुसून पुन्हा ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार) ठेवा, तिला हात लावू नका. जेपेग बदलून पुन्हा सेव्ह केली की दरवेळी तपशील थोडा झिजतो. छपाईची प्रत वेगळी करा: १८००×१२०० पिक्सेल, एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत), शार्पनिंग (कडा ठळक करणं) अगदी शेवटी आणि हलकंच.

उत्तर ३: काळपटपणाचं कारण बहुधा स्क्रीनचा जास्त ब्राइटनेस. तो कमी करून बघा, मग फोटो एडिटरमधल्या 'लेव्हल्स' या उजेड-अंधार जुळवायच्या साधनातला मधला स्लायडर १.० वरून १.१५ च्या आसपास न्या. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही तपासा. फोटो पेपर घालून 'साधा कागद' निवडलेला असेल तर शाईचं प्रमाण चुकतं.