शेंगा मोजून घेवड्याचे वाण निवडता येते का?

बांधावरचा, खानापूर: काल येथे एका सदस्याने ‘ज्या झाडाला शेंगा जास्त, त्याचेच बी राखा, घेवड्याचे उत्पन्न वाढते’ असे ठामपणे लिहिले आणि सर्वांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मी तेच केले होते. बांधालगतच्या एका झाडाला ४३ शेंगा होत्या. त्याचे बी पुढच्या खरिपात सलग ओळींत पेरले, तर झाडामागे शेंगा बारा-पंधराच लागल्या. त्या झाडाला ऊन आणि मोकळी जागा मिळाली होती, एवढेच त्याचे कर्तृत्व. शेंगांची संख्या परिस्थितीनुसार हलते. दाण्याचे वजन मात्र बरेचसे वाणाबरोबर येते. शिवाय शेंगा वाढल्या की दाणे कमी भरतात, हे पीकशास्त्रज्ञ अ‍ॅडम्स यांनी १९६७ मध्येच मांडले आहे.

निपाणीकर: एका झाडावरून सिद्धांत मांडू नये. उत्पन्नाशी सर्वांत घट्ट संबंध शेंगांच्या संख्येचाच असल्याचे बहुतेक चाचण्यांत दिसते. निवड दाटीतल्या झाडांतून करायची असते, हे आपणास कोणी सांगितले नाही काय? आणि दाण्याच्या वजनाचे म्हणाल, तर बारीक दाण्याची वाणे टपोऱ्या राजम्यापेक्षा पुष्कळदा जास्त उतरतात.

वेलवाला, येळ्ळूर: आपण दोघेही झाडाची ठेवण विसरलात. बुटक्या घेवड्याच्या शेंड्यालाच फुलोरा येतो आणि वाढ थांबते. वेल पेरे वाढवत जातो, म्हणून त्याला शेंगाही जास्त लागतात. रवांडात डोंगरउतारावर काठ्या रोवून वेलघेवडाच घेतात. मला एका दुकानदाराने बुटका म्हणून वेल विकला. काठ्या नव्हत्या, वेल जमिनीवर लोळला आणि परतीच्या पावसात चिखलाला टेकलेल्या शेंगांतच दाण्यांना मोड आले. तरीही वेलच श्रेष्ठ, असे मी म्हणेन.

निपाणीकर: काठ्या आणि मजुरी कोण देणार, आपला दुकानदार? आमच्याकडे ताठ उभे राहणारे, शेंगा जमिनीपासून वर धरणारे आणि एकदम वाळणारे झाडच परवडते. ज्या पिकाच्या मळणीला माणूस मिळत नाही, त्याचे उत्पन्न कागदावरच राहते.

वेलवाला, येळ्ळूर: म्हणजे आपण वाण निवडत नाही, मजूर निवडता. प्रश्न झाडाच्या क्षमतेचा होता, आपल्या खिशाचा नव्हे.

बांधावरचा, खानापूर: माझ्या प्रश्नाचा वेल कुठल्या कुठे गेला! असो, दाटीतून निवडण्याचा मुद्दा मान्य करतो, निपाणीकरांचा सूर मात्र नाही. यंदा वीस झाडे निवडून प्रत्येकाचे बी स्वतंत्र ओळीत पेरतो. मळणीला अवश्य यावे. शेंगा आपण मोजा, दाणे मी तोलतो.