मोटर बदलण्याआधी बेअरिंग बघा

लाकडी भांडं कातताना लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) थरथरते, काय करू, असं एकाने विचारलं आणि त्याला मोटर बदलायचा सल्ला मिळाला. माझ्या मते मोटर बिचारी निर्दोष आहे. मोटरचा पट्टा काढून स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हाताने फिरवा. खरखर लागली किंवा चक (लाकूड पकडणारा भाग) धरून वर-खाली हलवताना ढिलेपणा जाणवला, तर स्पिंडलचं बेअरिंग गेलंय.

जुनं बेअरिंग पुसलं की कडेवर नंबर दिसतो. समजा ६२०५ आहे, तर आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ आणि जाडी १५. तो नंबर सांगितला की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, लेथच्या कंपनीच्या नादी लागायला नको. फक्त दोन्हीकडून रबरी सील असलेलं (टूआरएस) मागा. पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून लाकडाची धूळ आत जाते.

बसवताना मी एकदा शहाणपणा केला: बाहेरच्या कड्यावर हातोडी मारत ते स्पिंडलवर चढवलं. घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, त्या फिरतात त्या आतल्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. आठ दिवसांत पुन्हा तीच खरखर! आता पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोकतो.

पट्टा बदलणार असाल तर पुलीही (पट्टा बसतो ते खाचेचं चाक) तपासा. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरतो, तळाला टेकायला नको. खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर पुली झिजलीय, तिच्यावर नवा पट्टाही घसरणार.

टेलस्टॉकचा (लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाचा) सेंटर, म्हणजे लाकडात टेकणारं टोक, अजून न फिरणाराच आहे का? लाकूड तिथे जळतं. फिरता घ्या, पण आधी टेपर (सेंटर बसतो ते निमुळतं भोक) मोजा.